अंगणात आलेली शाळा

पालकांनो, बालवर्ग म्हटला की महागडी खेळणी हवीतच, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. त्यांनी ताराबाई मोडक यांची ओळख करून घ्यावी. ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. पदवीनंतर काही वर्षांनी त्या भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत माँटेसरी पद्धतीच्या कामात रमल्या. पण ती साधने गरिबाला कुठून परवडणार?

१९४५ मध्ये त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी बालवाडी काढली. अनुताई वाघ सोबतीला होत्या. दलित वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात जाऊन बसली. तीच अंगणवाडी! शंखशिंपले, पाने, बिया, खडे, माती हीच तिथली साधने. मुले ती मोजत, लहानमोठी लावत, त्यांतून हवे ते घडवत. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली.

आपल्या नगरच्या मोहल्ल्यांत चिंचोके, सागरगोटे, बाभळीच्या शेंगा यांची काय वानवा आहे? आम्हीही त्यांनीच खेळलो. त्याला शिक्षण म्हणतात, हे तेवढे कुणी सांगितले नव्हते.

ताराबाई १९७३ मध्ये निवर्तल्या. दोनच वर्षांनी सरकारने बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी.