दानशूर अनाथपिंडिक



श्रावस्तीच्या या श्रेष्ठीचं मूळ नाव सुदत्त. अनाथांना घास देतो म्हणून लोक त्याला अनाथपिंडिक म्हणू लागले. राजगृहाला मेहुण्याच्या घरी त्याने बुद्धाचं नाव ऐकलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पहाटेच शीतवनात जाऊन तो उपासक झाला.

संघाच्या निवासासाठी त्याला जेत राजकुमाराची बाग हवी होती. राजकुमार विकेना, तेव्हा याने गाड्या भरून नाणी आणली नि जमिनीवर अंथरली. जेतवन विहारावर एकूण ५४ कोटी खर्च झाल्याचं अट्ठकथा सांगते.

पुढे दिवस फिरले. उधारी बुडाली, नदीकाठी पुरलेलं धन पुरात गेलं. तरी दान थांबलं नाही. नुसती कण्यांची पेज वाढताना तो संकोचला, तेव्हा भगवंतांनी समजावलं की मन शुद्ध असेल तर दान हलकं नसतं. घरची दासी पुण्णा हिलाही त्याने दास्यातून मुक्त केलं.

आपल्या विहाराला कोणी हजार देतो, कोणी रविवारी झाडू मारतो. पाटीवर मात्र पहिल्याचंच नाव लागतं. श्रीमंत सुदत्ताची नाणी आणि गरीब सुदत्ताची पेज, दोन्ही दानच. हे आपण विसरता कामा नये.

नमो बुद्धाय! जय भीम!