तिच्या नावाचा धबधबा

तुमच्या फीडमध्ये तो व्हिडिओ एकदा तरी येऊन गेला असेल. हिरवट निळं, तळ दिसेल इतकं नितळ पाणी, पाण्याला जवळजवळ टेकून जाणारी लाकडी पायवाट आणि जिकडे बघाल तिकडे कोसळणारे धबधबे. खाली कमेंट्समध्ये ठरलेला प्रश्न असतो, हे खरं आहे की एआय? तर मंडळी, हे शंभर टक्के खरं आहे. क्रोएशियातलं प्लिटविचे लेक्स नॅशनल पार्क. राजधानी झाग्रेबपासून साधारण १३० किलोमीटर. एकाखाली एक अशी १६ सरोवरं, एकाचं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्याचं तिसऱ्यात. १९७९ पासून हे पार्क युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आज तुम्हाला तिथेच न्यायचंय, पण एका बाईच्या सोबतीनं. तिला जाऊन ८० हून जास्त वर्षं झाली. एकेकाळी लंडन आणि न्यूयॉर्कचे लोक तिच्या तिकिटासाठी धडपडायचे. आज तिचं नाव तुम्ही-आम्ही ऐकलेलंही नसतं. पण त्या पार्कातला एक धबधबा मात्र तिच्या नावानं वाहतो.

एक नंबरच्या प्रवेशद्वारातून आत शिरलात की समोरच दरीत ७८ मीटर उंचीवरून पडणारा वेलिकी स्लाप दिसतो. नावाचा अर्थ अगदी सरळ, मोठा धबधबा. सगळे तिथे सेल्फी काढतात. तुम्हीही काढा, पण तिथूनच माघारी फिरू नका. पायवाटेनं पाण्याच्या उलट दिशेनं वर चालत राहा. गावानोवात्स आणि मिलानोवात्स ही दोन सरोवरं जिथे भेटतात, तिथे झाडाझुडपांतून पसरलेला, फार उंच नसलेला एक धबधबा लागेल. त्याचं नाव मिल्का टर्निना. तिच्या मायदेशात आडनाव त्र्निना असं लिहितात. इतकी व्यंजनं सलग उच्चारताना परक्यांची बोबडी वळायची, म्हणून बाहेरच्या पोस्टरवर ती टर्निना झाली.

मिल्काचा जन्म १९ डिसेंबर १८६३ चा, मोस्लाविना भागातल्या वेझिश्चे नावाच्या खेड्यातला. तेव्हा क्रोएशिया हा वेगळा देश नव्हता, ऑस्ट्रियाच्या साम्राज्याचा भाग होता. वडील ती लहान असतानाच गेले आणि ती झाग्रेबला नातेवाइकांच्या घरी वाढली. तिथेच गाण्याची शिकवणी सुरू झाली. पुढे व्हिएन्नाच्या संगीत विद्यालयात शिक्षण झालं. १८८२ मध्ये, अजून विद्यार्थिनी असतानाच, झाग्रेबच्या रंगमंचावर तिनं वेर्दीच्या एका ऑपेरात नायिकेची भूमिका केली. वय जेमतेम १८. म्हणजे आपल्यातले अनेक जण फर्स्ट इयरच्या अटेंडन्सचं टेन्शन घेत असतात, त्या वयात.

पण लगेच सगळं जुळून आलं असं समजू नका. पुढची आठ वर्षं लाइपझिग, ग्राझ, ब्रेमेन अशी एकेका शहरात उमेदवारी करण्यात गेली. मायक्रोफोन हा प्रकार तेव्हा नव्हता. समोर पूर्ण वाद्यवृंद वाजत असताना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायचा तो स्वतःच्या फुफ्फुसांच्या जोरावर. त्यातही वाग्नरच्या भूमिका म्हणजे गायिकेची सगळ्यात कठीण परीक्षा, चार-चार तासांचा खेळ. मिल्का त्यातच तयार झाली. १८९० मध्ये म्युनिकच्या राजदरबारी ऑपेरानं तिला घेतलं आणि मग तिनं मागे वळून पाहिलं नाही. केवळ गळा नाही, तर अभिनयही. उभं राहून छान गाणाऱ्या बायका तेव्हा पुष्कळ होत्या. भूमिका जगणाऱ्या कमी होत्या.

आता १८९७ मध्ये या. मिल्का ३३ वर्षांची, म्युनिकची स्टार. इकडे मायदेशात काही लोकांनी एक खटपट चालवली होती. १८९३ मध्ये झाग्रेबमध्ये प्लिटविचेच्या सरोवरांसाठी एक संस्था निघाली होती. जंगल दाट, रस्ते वाईट. लोकांना ही जागा बघता यावी आणि ती जपलीही जावी, यासाठी पायवाटा, राहायची सोय अशी कामं करायची होती. त्याला पैसा लागणार होता. लक्षात घ्या, तेव्हा अख्ख्या युरोपात एकही नॅशनल पार्क नव्हतं. पहिली झाली ती स्वीडनमध्ये, १९०९ साली. म्हणजे निसर्ग सांभाळायचा असतो आणि त्यासाठी खिशात हात घालायचा असतो, ही कल्पनाच नवी होती. मिल्कानं झाग्रेबमधल्या आपल्या एका मैफलीचं उत्पन्न त्या संस्थेला देऊन टाकलं. त्याची आठवण म्हणून धबधब्याला तिचं नाव मिळालं.

एवढीच गोष्ट. तिनं आंदोलन केलं नाही, पार्क उभं केलं नाही. एक संध्याकाळ गायली आणि जमलेले पैसे दिले.

तिचं मोठं यश त्यानंतरचं आहे. १८९८ मध्ये लंडनचं कोव्हेंट गार्डन, १८९९ मध्ये वाग्नरचं स्वतःचं गाव बायरॉइट, १९०० मध्ये न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा. पुच्चिनीचा तोस्का हा ऑपेरा १९०० च्या जुलैमध्ये लंडनला पहिल्यांदा झाला. तोस्का मिल्का आणि प्रेक्षकांत खुद्द पुच्चिनी. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमधली पहिली तोस्काही तीच.

आणि मग एक वाद. वाग्नरचा पार्सिफाल बायरॉइटच्या बाहेर रंगमंचावर होऊ नये, असा वाग्नरच्या घरच्यांचा आग्रह होता. न्यूयॉर्कनं तो धुडकावला आणि १९०३ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी प्रयोग लावला. त्यात कुंड्रीची भूमिका मिल्कानं केली. बायरॉइटची दारं तिच्यासाठी कायमची बंद झाली. आजच्या भाषेत सांगायचं तर इंडस्ट्रीतल्या सगळ्यात ताकदवान घरानं तिला ब्लॉक केलं. तरी तिचं काम थांबलं नाही.

थांबलं ते वेगळ्याच कारणानं. तिच्या चेहऱ्याची एक नस अधू झाली. जरा कल्पना करा. जिची ओळखच गाणं आणि अभिनय दोन्ही एकत्र करण्याची, तिचा चेहराच तिचं ऐकेना. १९०६ मध्ये तिनं रंगमंच सोडला. वय ४२. आवाज पिकायला लागतो ते हे वय. अर्धवट जमतंय तोवर रेटत राहणं तिला शक्य होतं, नाव तेवढं मोठं होतं. तिनं तसं केलं नाही.

इथे खरा चटका लावणारा भाग येतो. मिल्काचा आवाज आज तुम्हाला नीट ऐकताच येत नाही. तिनं व्यावसायिक रेकॉर्ड काढलीच नाही. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान ग्रामोफोनच्या भोंग्यापुढे गात होती, म्हणून तिचा आवाज आज आपल्या फोनवर आहे. मिल्काच्या बाबतीत मात्र मेट्रोपॉलिटनचा ग्रंथपाल लायनेल मेपलसन यानं चालू प्रयोगात मेणाच्या नळकांड्यांवर टिपलेले काही तुकडेच उरलेत. खरखर इतकी की मध्येच एखादी उंच तान लांबून ऐकू आल्यासारखी वाटते आणि लगेच बुडते. अख्ख्या कारकिर्दीतून हाती राहतं ते एवढंच.

मग ती संपली का? नाही. काही काळ न्यूयॉर्कमध्ये शिकवून ती झाग्रेबला परतली आणि तिथे शिकवत राहिली. तिच्याकडे झिंका कुंत्स नावाची एक मुलगी शिकायला आली. योगायोग बघा, या मुलीचा जन्म १९०६ चा, मिल्कानं रंगमंच सोडला त्याच वर्षीचा. मिल्कानं तिला वर्षानुवर्षं घडवलं. ही मुलगी १९३७ मध्ये झिंका मिलानोव या नावानं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये उभी राहिली, त्याच इमारतीत, जिथे तिची बाई तोस्का गायली होती. १९६६ मध्ये ती जुनी इमारत बंद झाली, तोवर झिंका तिथे गात होती. शिष्येचं हे यश सुरू झालेलं मिल्कानं पाहिलं. १८ मे १९४१ रोजी झाग्रेबमध्ये ती गेली. तेव्हा शहर महायुद्धाच्या तावडीत सापडलं होतं.

प्लिटविचे अधिकृतपणे नॅशनल पार्क झालं ते त्यानंतर आठ वर्षांनी, १९४९ मध्ये. पुढे १९९१ मध्ये युगोस्लाव्हिया फुटताना ईस्टरच्या दिवशी याच पार्कात गोळीबार झाला, माणसं मेली. १९९२ मध्ये युनेस्कोनं पार्कला धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकलं आणि १९९७ मध्ये त्यातून बाहेर काढलं. म्हणजे मिल्कानं मदत केली त्यानंतर बरोब्बर शंभर वर्षांनी.

आता परत तिच्या धबधब्यापाशी या आणि पाणी कशावरून पडतंय ते बघा. तो साधा खडक नाही. इथलं पाणी चुनखडीच्या डोंगरातून येताना चुना विरघळवून आणतं. उंचावरून आपटलं, फेसाळलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना शेवाळावर बसतो. घरच्या गिझरमध्ये पांढरा थर साचतो ना, तसंच काहीसं. शेवाळ वाढतं, पुन्हा थर बसतो, त्याचा दगड होतो आणि बांध उंच होत जातो, वर्षाला साधारण एक सेंटीमीटर. त्या बांधांमागे अडलेलं पाणी म्हणजे ही सरोवरं. थोडक्यात, धबधबा इथे दगड झिजवत नाही, दगड बांधतो. पण एकच अट आहे, पाणी स्वच्छ हवं. घाण मिसळली की हे काम बिघडतं.

म्हणून तिथे पोहायला बंदी आहे, पायवाट सोडून उतरायला बंदी आहे आणि कोझ्याक या सगळ्यात मोठ्या सरोवरातल्या बोटी विजेवर चालतात. वर्षाला दहा लाखांहून जास्त लोक येत असल्यानं तिकीटही ठरावीक वेळेचं काढावं लागतं. रीलसाठी एकच उडी मारली तर काय बिघडणार, असं मनात येईल. मिल्कालाही म्हणता आलं असतं की एका मैफलीच्या पैशानं एवढ्या मोठ्या जंगलाचं काय होणार. एकट्याच्या चुकीनं काही बिघडत नाही आणि एकट्याच्या मदतीनं काही घडत नाही, ही दोन्ही वाक्यं आपण सारख्याच सहजपणे बोलतो. मिल्काच्या नावाचा तो धबधबा दुसऱ्या वाक्याला उत्तर देतो. पहिल्याचं उत्तर तिथल्या पाण्याखाली दिसतं, नाजूक चुन्याच्या थरांत.

व्हिसा, विमानाचं तिकीट, युरोचा भाव हे सगळं बघता तुम्ही उद्याच निघणार नाही, हे मलाही माहितीये. माझ्या स्टायपेंडमध्ये तर मी पुण्याच्या पुढे जात नाही. पण एक गोष्ट आज रात्रीही करता येईल. झिंका मिलानोवनं १९५७ मध्ये रोममध्ये रेकॉर्ड केलेली तोस्का शोधा आणि हेडफोन लावून ऐका. गाणारी शिष्या आहे, शिकवणारी मिल्का होती. आणि कधीतरी खरंच गेलात, तर मोठ्या धबधब्यावरून पुढे चालत राहा, दोन सरोवरांमधल्या तिच्या धबधब्यापाशी मोबाइल खिशात ठेवा आणि दोन मिनिटं नुसतं ऐका.