47 वर्षांची जुनी बाईक, ताशी 296 किमी: बर्ट मन्रोची गोष्ट

गेल्या महिन्यात माझ्या चार वर्षं जुन्या फोनचा चार्जिंग पोर्ट गेला. दुकानदाराने फोन उलटापालटा करून बघितला आणि सरळ नवीन घ्यायचा सल्ला दिला. तेव्हा मला बर्ट मन्रो आठवला.

मित्रांनो, या माणसाची ओळख मला ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ या 2005 च्या सिनेमामुळे झाली. अँथनी हॉपकिन्सने त्याची भूमिका केली आहे. नावात ‘इंडियन’ बघून मला वाटलं, आपल्याकडचाच कोणी असेल. पण इंडियन हा मोटरसायकलचा अमेरिकन ब्रँड, आणि बर्ट न्यूझीलंडच्या पार दक्षिणेकडच्या इन्व्हरकार्गिलचा.

शेडमधला कारखाना

बर्टचा जन्म 1899 चा. 1920 मध्ये त्याने इंडियन स्काउट घेतली. दोन सिलिंडर, 600 सीसी, टॉप स्पीड ताशी साधारण 88 किमी. 1926 पासून तो ती खोलायला लागला आणि पुढची कित्येक वर्षं थांबलाच नाही. पोटासाठी मोटरसायकली विकायच्या आणि रात्री आपल्या गाडीवर काम करायचं. नंतर तर तो शेडमध्येच राहायला लागला.

महागडे पार्ट घेणं परवडत नव्हतं. मग धातू वितळवून जुन्या डब्यांमध्ये पार्ट ओतायचे. पिस्टन, सिलिंडर, फ्लायव्हील सगळं घरीच. बारीक मापं घ्यायला लागणारा मायक्रोमीटरसुद्धा त्याने जुन्या स्पोकपासून केला होता.

इंजिनमध्ये नेमकं काय बदललं?

मूळ इंजिन साइड व्हॉल्व्ह प्रकारचं होतं. म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा, असे दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला. मिश्रणाला वळसा घालून आत यावं लागतं आणि कॉम्प्रेशन फार वाढवता येत नाही. बर्टने हे व्हॉल्व्ह वर, सिलिंडरच्या डोक्यावर नेले. इंजिनला मोकळा श्वास मिळाला. सीसीसुद्धा वाढवत वाढवत 950 पर्यंत नेली.

पण ताकद वाढली की ताणही वाढतो. पार्ट सारखे तुटायचे. तुटलेले पार्ट तो फेकायचा नाही, शेल्फवर मांडून ठेवायचा आणि पुढचा पार्ट करायला घ्यायचा.

दुसरा शत्रू म्हणजे हवा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. म्हणून बर्टने गाडीवर माशासारखं निमुळतं कवच चढवलं.

मिठाच्या मैदानावर

अमेरिकेतल्या युटा राज्यात बॉनव्हिल नावाचं मिठाचं सपाट मैदान आहे. 1962 मध्ये, वयाच्या 63 व्या वर्षी, बर्टने तिथे 883 सीसी गटात ताशी 288 किमीचा विक्रम केला. 1967 मध्ये तो 68 वर्षांचा होता, हृदयाचा त्रास होता आणि गाडी 47 वर्षांची. तरी 1000 सीसीच्या आतल्या गटात ताशी 295 किमीचा विक्रम झाला. पात्रता फेरीत तर एका बाजूने गाडी 305 च्या वर गेली होती.

विक्रमासाठी दोन विरुद्ध दिशांच्या फेऱ्यांची सरासरी धरतात, म्हणजे वाऱ्याचा फायदा कुणाला मिळत नाही. गंमत अशी, की ही सरासरी काढतानाच चूक झाली होती! 2014 मध्ये बर्टच्या मुलाच्या ती लक्षात आली आणि अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने आकडा सुधारून ताशी 296 किमी केला. तो बघायला बर्ट नव्हता. 6 जानेवारी 1978 ला तो गेला होता.

आणि माझा फोन?

आपण बर्ट नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. पोर्ट बदलताना माझ्याकडून आतली रिबन केबल तुटली. शेवटी गल्लीतल्या रिपेअरिंगवाल्या दादाकडे गेलो. बॅटरीला स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आग लागू शकते, हे त्याने आधी बजावलं आणि मग शेजारी बसवून सगळं दाखवलं. फोन आता चार्ज होतो.

ती तुटलेली केबल मात्र मी टाकली नाही. टेबलावर ठेवली आहे.