इंग्रजी शब्दांचे अर्थ मराठीत सांगणारे मेजर कँडी, ज्यांनी मराठीला पूर्णविरामही दिला

बदलापूर लोकलमध्ये उभ्या उभ्या इंग्रजी शब्द अडला तर आपण काय करतो? मोबाईल काढतो, शब्द टाकतो, अंबरनाथ यायच्या आत मराठी अर्थ हजर.

पण दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ शोधायचा तर धड शब्दकोशच नव्हता. ती अडचण दूर करणाऱ्यांमधलं मोठं नाव म्हणजे मेजर थॉमस कँडी.

कँडींचा जन्म 1804 चा, इंग्लंडमधला. जॉर्ज हा त्यांचा जुळा भाऊ. 1822 मध्ये थॉमस ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात दाखल होण्यासाठी भारतात आले. पेशवाई संपून अवघी चार वर्षं झाली होती. कारभार इंग्रजांचा आणि रयत मराठी बोलणारी, त्यामुळे कंपनीला मराठी जाणणारे अधिकारी हवे होते.

त्याच काळात जेम्स मोल्सवर्थ हा अधिकारी मराठी शब्द गोळा करत होता. दोघे कँडी बंधू त्याच्या मदतीला आले. सोबतीला शास्त्रीमंडळी होती. देशावरचे आणि कोकणातले शब्द तपासले गेले आणि 1831 मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापून आला. याचा फायदा मुख्यतः मराठी शिकणाऱ्या साहेबांना होता. इंग्रजी शिकू पाहणाऱ्या मराठी पोरांचं काय?

त्यासाठी उलटा कोश हवा होता. मोल्सवर्थ यांनी ते काम सुरूही केलं, पण तब्येतीने दगा दिला आणि 1836 मध्ये ते मायदेशी परतले.

अर्धवट राहिलेलं काम कँडींनी अंगावर घेतलं. 1837 पासून त्यांच्याकडे पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेखही होती. पाठशाळा सांभाळत कोशाचं काम चालू राहिलं.

काम किचकट होतं. इंग्रजीतल्या एका शब्दाला मराठीत एकच जोडीदार मिळत नाही. संदर्भ बदलला की अर्थ बदलतो. म्हणून एकेका शब्दापुढे अनेक मराठी पर्याय द्यावे लागले. अखेर 1847 मध्ये इंग्रजी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. मित्राने सोडलेलं काम अकरा वर्षांनी तडीस गेलं.

पुढे कँडी सरकारचे मराठी भाषांतरकार झाले. शाळेची पुस्तकं आणि कायद्यांची भाषांतरं त्यांच्या नजरेखालून जाऊ लागली. परशुरामतात्या गोडबोले यांच्यासारखे विद्वान त्यांच्यासोबत काम करत होते.

आणखी एक गोष्ट. जुन्या मोडी कागदांत आजच्यासारखी विरामचिन्हं नव्हती. वाक्य कुठे संपलं, ते वाचणाऱ्यानेच ताडायचं. छापील मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह रुळवण्यात कँडींचा मोठा वाटा आहे.

अर्थात टीकाही झाली. एक परका माणूस मराठी पुस्तकांची भाषा तपासतो, मराठीला इंग्रजी वळण लावतो, असा आक्षेप पुढच्या पिढीने घेतला. तो अगदीच चुकीचा नव्हता. मराठी कशी लिहायची, हे सरकारी खात्यात ठरू लागलं होतं.

1877 मध्ये महाबळेश्वरला कँडींचं निधन झालं. आयुष्याची पन्नासहून जास्त वर्षं त्यांनी इथल्या भाषेत काढली.

आज मोबाईलवर अर्थ एका सेकंदात मिळतो. पण एका इंग्रजी शब्दाला नेमका कोणता मराठी शब्द चालेल, हा प्रश्न तोच आहे. कँडी आणि त्यांच्यासोबतच्या शास्त्र्यांनी तो एकेक शब्द घेऊन सोडवला होता.