पाण्याने सोने पारखणारे अल-बेरुनी

पेण-रोह्यात लग्नसराई आली की सोनाराच्या दुकानात एक प्रश्न हमखास निघतो: दागिन्यात सोनं खरं किती? मेहरचा दागिना असो, आजीची जुनी बांगडी मोडायची असो की जकातीचा हिशोब असो, हे कळायलाच हवं. दागिना न वितळवता धातू ओळखण्याची कल्पना ग्रीक विद्वान आर्किमिडीजपासूनची. पण एकेका धातूचं, एकेका रत्नाचं काटेकोर माप घेऊन तिला पक्कं रूप दिलं ते अबू रैहान अल-बेरुनी यांनी.

त्यांचा जन्म ९७३ साली ख्वारिज्मच्या कास शहरात झाला. आज हा भाग उझबेकिस्तानात येतो. अबू नस्र मन्सूर यांच्यासारखा गणिती उस्ताद त्यांना लाभला. राजवटी बदलत गेल्या आणि तरुण बेरुनींना गाव सोडून दारोदार फिरावं लागलं, तरी अभ्यास सुटला नाही. इब्न सीनांशी त्यांचा पत्रांतून चाललेला वाद प्रसिद्ध आहे. १०१७ मध्ये सुलतान महमूदने ख्वारिज्म जिंकलं आणि बेरुनींना गझनीला नेलं. पुढे ते हिंदुस्थानात आले, संस्कृत शिकले आणि १०३० च्या सुमारास 'किताब-उल-हिंद' लिहिली. त्यात कोकणची राजधानी म्हणून आपल्या ठाण्याचा उल्लेख आहे.

गझनीच्या खजिन्यात देशोदेशीचं सोनं आणि रत्नं होती. त्यातलं अस्सल काय, नक्कल काय? नुसत्या रंगावर जावं तर फसगत ठरलेली. म्हणून त्यांनी निमुळत्या तोंडाचं एक भांडं बनवलं. त्याला वरच्या बाजूला वाकडी नळी. भांडं नळीपर्यंत पाण्याने भरायचं आणि वस्तू आत सोडायची. नळीतून बाहेर पडलेलं पाणी तराजूत तोलायचं. १०० मिस्काल सोनं सोडलं तर सुमारे सव्वापाच मिस्काल पाणी बाहेर येतं. तेवढ्याच वजनाचं तांबं सोडलं तर दुपटीहून जास्त! वजन सारखं, पण जागा व्यापण्यात फरक. यालाच आपण शाळेत घनता म्हणतो. धातूंसाठी सोनं आणि रत्नांसाठी नीलम आधाराला धरून त्यांनी तक्ते केले. त्यातले आकडे आजच्या आकड्यांच्या अगदी जवळ आहेत. गरम-थंड आणि गोड्या-खाऱ्या पाण्याच्या वजनातला फरकही त्यांनी नोंदवला.

उतारवयात त्यांनी रत्नांवर 'किताब-उल-जमाहिर' लिहिली. माणिक आणि बदख्शानचा लाल दगड दिसायला भाऊ-भाऊ, पण माणिक जड आणि जास्त कठीण, लाल दगडावर ओरखडा काढणारं. तेव्हा लोक म्हणत, पाचू बघून साप आंधळा होतो. बेरुनींनी सापासमोर पाचू लटकवून नऊ महिने वाट पाहिली. सापाला काही झालं नाही. सगळे सांगतात म्हणून त्यांनी ते मानलं नाही.

त्यांची रीत आजही चालते. ज्यांच्या घरातली मुलं रोह्याच्या धाटाव एमआयडीसीत कामाला आहेत, त्यांना विचारा. रसायन काय आहे हे ठरवताना घनता आणि उकळण्याचा बिंदू तपासतात. पेणच्या कारखान्यांत मूर्तीची माती शाडू की प्लास्टर, हे पाण्यात टाकलं की कळतं: शाडू विरघळतो, प्लास्टर तसंच राहतं.

पण एक ध्यानात ठेवा. टंगस्टनची घनता जवळपास सोन्याएवढीच आहे. लाख भरलेला किंवा खडे जडवलेला दागिनाही पाण्यात खोटा आकडा देतो. म्हणून एकाच गुणावर निकाल देऊ नये. कठीणपणा, रंग, वितळण्याचा बिंदू असे दोन-तीन गुण जुळले तरच खात्री धरावी. सोनं घेताना हॉलमार्क बघाच.

१०४८ च्या सुमारास गझनीत बेरुनींचा इंतकाल झाला. सांगतात की अखेरच्या आजारात एक फकीह भेटायला आले, तर बेरुनींनी त्यांना वारसाहक्काचा एक अवघड मसला विचारला. अशा वेळी हे कशाला, असं पाहुण्यांना वाटलं. पण न कळता जाण्यापेक्षा कळून गेलेलं बरं, हा त्यांचा आग्रह. मसला समजावून देऊन फकीह घराबाहेर पडले, तोच आतून रडण्याचा आवाज आला.