मोटर का तापते हे आकड्यात सांगणारा माणूस : चार्ल्स स्टाइनमेट्झ

हा फॉरवर्ड तुमच्या व्हॉट्सॲपवर कधी ना कधी येऊन गेलाच असणार. एका कारखान्यात भलंमोठं मशीन बंद पडतं. सगळे इंजिनीअर थकतात. मग बाहेरून एका माणसाला बोलावतात. तो मशीनभोवती फिरतो, कान लावून ऐकतो, काहीतरी हिशेब करतो आणि एका जागी खडूने खूण करतो. तिथे दुरुस्ती केल्यावर मशीन चालू! बिल येतं १०,००० डॉलर. तपशील मागितला तर खूण करायचा १ डॉलर, आणि खूण कुठे करायची हे माहीत असण्याचे ९,९९९.

फॉरवर्डमध्ये हा माणूस कधी जहाजाचा मेकॅनिक असतो, कधी हातोडीवाला म्हातारा. पण या गोष्टीचं जे रूप सगळ्यात प्रसिद्ध आहे त्यात कारखाना हेन्री फोर्डचा आहे, मशीन म्हणजे जनरेटर, आणि माणूस म्हणजे चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ. फोर्डकडे काम केलेल्या एका माणसाच्या मुलाने १९६५ मध्ये 'लाइफ' मासिकाला पत्र लिहून ही गोष्ट सांगितली. तेव्हा स्टाइनमेट्झला जाऊन ४२ वर्षं झाली होती, त्यामुळे बिलाच्या आकड्यावर पैज लावू नका. गंमत अशी की त्याचं खरं काम या गोष्टीपेक्षा मोठं आहे. खूण कुठे करायची हे एकट्याच्या डोक्यात राहू नये, कुठल्याही शिकलेल्या माणसाला मीटर लावून ते काढता यावं, याची सोय त्याने करून ठेवली.

ब्रेस्लाउ ते न्यूयॉर्क

जन्म ९ एप्रिल १८६५, गाव ब्रेस्लाउ. तेव्हा ते प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे आणि त्याला व्रोत्स्वाफ म्हणतात. मूळ नाव कार्ल. वडील रेल्वेत लिथोग्राफर. पाठीला जन्मापासून कुबड, ते वडिलांनाही होतं आणि आजोबांनाही. उंची जेमतेम चार फूट. आई तो तान्हा असतानाच गेली.

गणितात मात्र पोरगा भयानक हुशार. ब्रेस्लाउच्या विद्यापीठात त्याची पीएचडी जवळजवळ पूर्ण होत आली होती. पण त्याच वेळी तो समाजवादी विद्यार्थ्यांच्या गटात होता आणि त्यांच्या वर्तमानपत्रात लिहायचा. जर्मनीत तेव्हा समाजवाद्यांवर बंदीचा कायदा होता. १८८८ मध्ये अटक होणार अशी चिन्हं दिसली आणि तो डिग्री तशीच टाकून स्वित्झर्लंडला, झुरिकला पळाला.

पुढच्या वर्षी एका मित्राबरोबर बोटीने न्यूयॉर्क. खिशात पैसे नाहीत, इंग्रजी धड येत नाही, पाठीला कुबड. इमिग्रेशनवाले त्याला परत पाठवायच्या बेतात होते. बरोबरच्या मित्राने हमी घेतली म्हणून आत शिरता आलं. तिथे तो अधिकारी हट्टाला पेटला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, निदान अमेरिकेत तरी नाही.

अमेरिकेत त्याने कार्लचं चार्ल्स केलं. मधलं प्रोटियस हे कॉलेजमधल्या मित्रांनी ठेवलेलं टोपणनाव, ग्रीक पुराणातल्या रूपं बदलणाऱ्या समुद्रदेवाचं. ते त्याने अधिकृत नावातच घेतलं. आपल्याकडे कोणी हॉस्टेलवरचं नाव आधार कार्डावर टाकेल का?

नोकरी मिळाली यॉन्कर्स गावात, रुडॉल्फ आयकेमायरकडे. हा आयकेमायर हॅट बनवायच्या मशिनींचा कारखानदार, तोही जर्मनीतून आलेला, आणि आता विजेच्या मोटरींकडे वळलेला.

मोटर बनवा, चालवा, जळाली की कळेल

आता मुख्य मुद्दा. १८९० च्या आसपास एसी मोटर आणि ट्रान्सफॉर्मर नवीन होते. डिझाइन करायचं म्हणजे काय, तर अंदाजाने लोखंड कापायचं, तार गुंडाळायची, मशीन पूर्ण बनवायचं आणि चालवून बघायचं. जास्त तापलं तर मोडून परत नवीन. पैसा आणि महिने दोन्ही पाण्यात. तारेत किती उष्णता होते हे काढता यायचं, रेझिस्टन्स मोजला की झालं. पण लोखंड स्वतः किती तापेल हे आधी सांगणारं सूत्र डिझाइन करणाऱ्याच्या हातात नव्हतं.

लोखंड का तापतं? मोटरच्या आतल्या लोखंडात असंख्य छोटे छोटे चुंबकी भाग असतात. एसी करंटमुळे त्यांची दिशा सारखी उलटसुलट होते. आपल्याकडे ५० हर्ट्झची वीज आहे, म्हणजे सेकंदाला ५० पूर्ण फेऱ्या. पण हे भाग लगेच वळत नाहीत, थोडे मागे रेंगाळतात. या रेंगाळण्याला हिस्टेरिसिस म्हणतात. प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा त्यात जाते आणि तिची उष्णता होते. पत्र्याची पट्टी पुढेमागे वाकवत राहिलं की वाकते तिथे गरम होते, तसं समजा.

हे रेंगाळणं माहीत होतं. जेम्स यूइंग या शास्त्रज्ञाने त्याची भरपूर मोजमापं छापलीही होती. स्टाइनमेट्झने आधी ते छापलेले आकडेच घेतले आणि त्यात नियम शोधला. मग आयकेमायरच्या कारखान्यात वेगवेगळ्या लोखंडाचे नमुने स्वतः तपासले. जानेवारी १८९२ मध्ये त्याने अमेरिकेतल्या इलेक्ट्रिकल इंजिनीअरांच्या संस्थेपुढे निबंध वाचला. तेव्हा वय २६.

नियम साधा आहे. प्रत्येक फेरीत जाणारी ऊर्जा ही चुंबकी घनतेच्या १.६ व्या घाताच्या प्रमाणात असते. घनता दुप्पट केली तर नुकसान दुप्पट नाही, चौपटही नाही, साधारण तिप्पट. प्रत्येक लोखंडाचा एक ठराविक गुणांक एकदा मोजून ठेवायचा, की पुढच्या सगळ्या मोटरी कागदावर तपासता येतात. व्होल्टेज १० टक्के वाढलं तर चुंबकी घनताही साधारण तेवढीच वाढते, आणि हे नुकसान जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढतं. कॅल्क्युलेटरमध्ये १.१ चा १.६ वा घात काढून बघा.

१.६ हा आकडा त्या काळच्या लोखंडाला लागू होता, सगळीकडे नाही. पण सूत्राची पद्धत टिकली. तुमच्या फोनच्या चार्जरमधला छोटा ट्रान्सफॉर्मर लोखंडाचा नसून फेराइटचा असतो आणि सेकंदाला हजारो फेऱ्यांवर चालतो. तो किती तापेल हे काढायला आजचे डिझाइनर जे सूत्र वापरतात त्याला स्टाइनमेट्झचं समीकरण असंच नाव आहे. फक्त घात बदललेत.

मोटर न उघडता आत बघायचं

१८९२ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली. तिने आयकेमायरचा धंदा विकत घेतला आणि त्याबरोबर स्टाइनमेट्झही तिकडे गेला. १८९४ पासून मरेपर्यंत तो त्यांच्या शेनेक्टडी गावच्या कारखान्यात होता.

१८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत त्याने एसीच्या गणितात कॉम्प्लेक्स नंबर कसे वापरायचे ते मांडलं. अकरावीला वजा एकचं वर्गमूळ आलं की हे कुठे लागतं रे, असं सगळे विचारतात. इथे लागतं. जिथे आधी पानंच्या पानं कॅल्क्युलस करावं लागायचं तिथे बेरीज-गुणाकारावर काम भागायला लागलं.

मग त्याच गणिताने त्याने इंडक्शन मोटर घेतली. फिरणारी मोटर म्हणजे केवढी भानगड, पण त्याने दाखवलं की एका फेजपुरती ती चार-पाच रेझिस्टन्स आणि कॉइल असलेल्या साध्या सर्किटसारखी वागते. एक भाग तारेचा, एक लोखंडाच्या नुकसानाचा, एक चुंबकत्वाचा, एक रोटरचा. हे सर्किट आजही डिप्लोमा आणि डिग्रीच्या पुस्तकात आहे.

त्याचा फायदा कळायला कॉलेजच्या लॅबमधल्या दोन टेस्ट बघा. पहिली नो-लोड टेस्ट. मोटरला काहीही न जोडता, पूर्ण व्होल्टेजवर रिकामी फिरवायची आणि व्होल्ट, अँपिअर, वॅट मोजायचे. काम काहीच होत नाही, मग वॅट जातात कुठे? थोडे तारेत, बाकी लोखंडात, बेअरिंगमध्ये आणि पंख्याच्या हवेत. दुसरी ब्लॉक्ड रोटर टेस्ट. शाफ्ट घट्ट अडकवायचा आणि व्होल्टेज हळूहळू इतकंच वाढवायचं की नेहमीचा पूर्ण करंट वाहील. आता फिरणं नाही, लोखंडाचं नुकसान नगण्य, त्यामुळे वॅट सगळे तारेत आणि रोटरच्या पट्ट्यांत. (ही टेस्ट पूर्ण व्होल्टेजवर करू नका, अडकलेली मोटर नेहमीच्या पाच-सात पट करंट खेचते.) या दोन टेस्ट आणि वाइंडिंगचा रेझिस्टन्स एवढ्यावरून मोटर न खोलता तिचं सर्किट मांडता येतं. पूर्ण लोडवर ती किती करंट घेईल, किती घसरेल, किती तापेल, सगळं कागदावर.

रिवाइंडिंगच्या दुकानात याचा रोजचा उपयोग आहे, कोणी केला तर. जळालेलं वाइंडिंग काढताना स्टेटर भट्टीत किंवा गॅसच्या ज्वाळेने फार तापवला, तर लोखंडाच्या पातळ पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं. पत्र्यांत फिरणारे करंट वाढतात. नवीन तार अगदी व्यवस्थित भरली तरी मोटर रिकामी चालतानाच तापते आणि मालक वाइंडरच्या तारेला शिव्या घालतो. आधीचे आणि नंतरचे नो-लोड वॅट लिहून ठेवले असते तर दोष तारेत की लोखंडात, हे पाच मिनिटांत कळलं असतं. मला वाटतं ही एक सवय लागली तर निम्मी भांडणं मिटतील.

घरची किंवा शेतावरची तीन फेज मोटर बिघडली तर क्रमही असाच, सोप्याकडून अवघडाकडे. सप्लाय बंद करून आधी शाफ्ट हाताने फिरवा. अडकत असेल तर दोष बेअरिंगचा किंवा पंपाचा, विजेचा नाही. मग तिन्ही वाइंडिंगचा रेझिस्टन्स. आकडा किती आला त्यापेक्षा तिन्ही सारखे आहेत का हे महत्त्वाचं. मोठ्या मोटरीत तो १ ओहमपेक्षाही कमी असतो, तिथे साध्या मल्टीमीटरवर विसंबू नका. मग मेगरने वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधलं इन्सुलेशन. १ मेगाओहमपेक्षा कमी आलं तर मोटर चालूच करायची नाही हा जुना ठोकताळा, नवीन वाइंडिंगला निकष त्याहून कडक. शेवटी चालू मोटरवर क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट, आणि हे काम जाणकाराचंच. एक फेज गेला असेल तर थांबलेली मोटर नुसती घूं घूं करते, उचलत नाही. चालू असतानाच गेला तर ती फिरत राहते, पण उरलेल्या दोन फेजमध्ये साधारण १.७ पट करंट जातो. लक्ष नसेल तर वास आल्यावरच कळतं.

कारखान्याबाहेरचा स्टाइनमेट्झ

कुबड पुढच्या पिढीत जाईल या भीतीने त्याने लग्न केलं नाही. पण जोसेफ हेडन या आपल्या तरुण सहकाऱ्याला त्याने कायद्याने दत्तक घेतलं. हेडन, त्याची बायको आणि तीन मुलं स्टाइनमेट्झच्याच मोठ्या घरात राहायची. लग्न न करता तो आजोबा झाला. घरात कॅक्टस आणि ऑर्किडचं काचघर होतं आणि पाळलेले सरडेसुद्धा.

नोकरी एवढ्या मोठ्या कंपनीत, पण विचार शेवटपर्यंत समाजवादी. गावात समाजवादी महापौर निवडून आल्यावर तो शाळा मंडळाचा अध्यक्ष झाला. १९२२ मध्ये रशियाच्या विद्युतीकरणाला मदत करायची तयारी दाखवणारं पत्र त्याने थेट लेनिनला लिहिलं, आणि लेनिनचं उत्तरही आलं. युनियन कॉलेजमध्ये तो प्राध्यापकही होता. नावावर सुमारे २०० पेटंट.

१९२० मध्ये नदीकाठच्या त्याच्या कॅम्पवर वीज पडली आणि एका आरशाचे तुकडे झाले. दुसरा कोणी कचरा भरला असता. याने ते तुकडे जमवून परत जुळवले आणि वीज कुठून कशी गेली याचा माग काढला. पुढे १९२२ मध्ये त्याने लॅबमध्ये १,२०,००० व्होल्टची कृत्रिम वीज पाडून दाखवली. खरा उद्देश, विजेच्या लाइनवरची उपकरणं असा झटका सोसतात का ते तपासणं. बघा, इथेही टेस्टिंगच.

१९२३ च्या शरद ऋतूत तो कुटुंबाबरोबर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत मोठा प्रवास करून आला. घरी परतल्यावर थोड्याच दिवसांत, २६ ऑक्टोबरला, हृदय थांबून गेला. वय ५८. त्याची १९१४ ची बॅटरीवर चालणारी डेट्रॉइट इलेक्ट्रिक गाडी पुढे दुरुस्त करून युनियन कॉलेजने जपून ठेवली आहे.