दानाच्या दोन अक्षरांनी अशोक सापडला

अभ्याससहलीला लेणी पाहायला गेलो की आम्ही मुलांना विचारतो, सम्राट अशोकाचे लेख आधुनिक काळात प्रथम कोणी वाचले? जेम्स प्रिन्सेप हे उत्तर लगेच येते. स्पर्धा परीक्षांनी तेवढे काम केले आहे. पण ते कशामुळे वाचता आले, यावर सगळे गप्प होतात.

प्रिन्सेप यांचा जन्म 1799 चा, इंग्लंडमधला. वास्तुकला शिकायची होती, पण डोळे अधू झाले आणि ते राहून गेले. 1819 मध्ये ते कंपनीच्या कलकत्ता टांकसाळीत धातूची पारख करायला आले. पुढची दहा वर्षे बनारसला काढली. तिथे शहराची शिरगणती केली, सांडपाण्याचा बोगदा बांधला. 1832 मध्ये ते कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे सचिव झाले. दिल्ली आणि अलाहाबादच्या स्तंभांवरची लिपी तेव्हा कोणालाच वाचता येत नव्हती.

1837 मध्ये कॅप्टन एडवर्ड स्मिथ यांनी सांचीच्या लेखांचे ठसे पाठवले. स्तूपाच्या कठड्यावरचे ते लेख अगदी आखूड होते आणि बहुतेकांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होत होता. प्रिन्सेप यांनी तर्क केला : या राजाज्ञा नव्हेत, ही दानाची नोंद असावी. शेवटचा शब्द 'दानं' आणि त्याआधीचे अक्षर षष्ठीचा 'स', म्हणजे अमक्याचे दान. ख्रिस्तियन लासेन यांनी एका ग्रीक राजाच्या नाण्यावरून काही अक्षरे आधीच ओळखली होती. आता अक्षराला अक्षर जुळत गेले आणि दिल्लीचा स्तंभ बोलू लागला. त्यावर नाव निघाले देवानंपिय पियदसि. हा सिंहलचा राजा असावा, असे प्रिन्सेप यांना आधी वाटले. सिलोनमधल्या जॉर्ज टर्नर यांनी पाली ग्रंथावरून दाखवून दिले, की पियदसि म्हणजे अशोक. मजकुराचा अर्थ लावायला रत्नपाल हे पाली जाणणारे सिंहली पंडित सोबत होते.

क्रमिक पुस्तकांत मात्र एकटे प्रिन्सेप उरतात. त्यांचे ऋण आम्ही मानतोच, पण समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला दुसरेच काही दिसते. सम्राटाच्या लेखांची किल्ली सम्राटाकडे नव्हती. ती सांचीला दान देणाऱ्या साध्या माणसांकडे होती. भिक्षुणी, व्यापारी, विदिशेचे हस्तिदंताचे कारागीर अशी ही माणसे. त्यांनी आपली नावे कोरून ठेवली नसती, तर अशोक आणखी किती वर्षे मुका राहिला असता?

कामाच्या ताणाने प्रिन्सेप आजारी पडले, 1838 मध्ये इंग्लंडला परतले आणि 22 एप्रिल 1840 रोजी वारले. वय अवघे 40.

आपल्याकडे कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दार सामि नावाच्या सुताराने केल्याचा लेख तिथेच आहे. मुले त्याच्यासमोर उभी राहून सेल्फी काढतात. आम्ही त्यांच्या हातात आधी ब्राह्मीचा तक्ता देतो आणि सामिचे नाव शोधायला लावतो.